धोंडूची वरची पंगत

आमचा शेजारी धोंडू कमरेला कोयता लावून झोपतो. सत्तरी गेली, दात गेले, कोयता नाय गेला.

मुलीने भिवंडीवरून मोबाइल पाठवला आणि धोंडू बिघडला. त्या मोबाइलवर उत्तरेकडच्या दर्यावर्दी लढवय्यांची मालिका हिंदीत लागते. दाढीवाले, कुऱ्हाडवाले, बोटीतून येऊन गावं लुटणारे. त्यांच्यात बाया पण लढतात. हातात हत्यार धरून मेला तोच देवाच्या वाड्यात जातो. तिथे रोज पंगत. कापलेला डुक्कर सकाळी उठून परत कापायला हजर! धोंडूने सगळं खरं मानलं. दाढीच्या वेण्या घालून शहापूरच्या बाजारात गेला. भाजीवालीने भिऊन मेथी फुकट दिली.

मी म्हटलं, "आपले देव काय रिटायर झाले रे?"

"देव तेच, आप्पा. दरवाजा दुसरा."

मी चौथी नापास, पण दुसऱ्याला अक्कल शिकवायला कधी मागे हटलो नाय. रोज त्याला समजवायला जायचो. समजवता समजवता माझी पण मालिका पुरी बघून झाली.

मग धोंडूचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यात सिस्टर म्हणाली, "कोयता आत चालणार नाही." हा खाटेवर उठून बसला. "मग ऑपरेशनच नको!" मुलगी रडायला लागली.

मी मोठ्या रुबाबात पुढे झालो. "धोंड्या, हर्नियाने कोण मरतं?"

"मेलो तर? रिकाम्या हाताने?"

"तर जा गपचूप आपल्या स्वर्गात."

"तिथे सुंदरा नाय ना."

सुंदरा त्याची बायको. भात कापताना नाग चावून गेली. इळा तिच्या मुठीतच होता. तो मीच सोडवला होता, एकेक बोट उचलून.

"ती त्या पंगतीत बसलीय, आप्पा," धोंडू हळूच म्हणाला. "मला दारावर अडवलं तर तिला कळणार पण नाय, मी आलेलो."

माझी अक्कल तिथे संपली. म्हटलं, "आण इकडे. तुझ्या वतीने मी धरतो, दाराशी उभा राहून."

"खाली नाय ना ठेवणार?"

"नाय."

त्याला आत नेलं. टॉवेलात गुंडाळलेला कोयता धरून मी दाराला लागून उभा राहिलो. गुडघे बोंबलायला लागले.

"बाबा, बाकावर बसा की," शिपाई म्हणाला.

म्हटलं, "तुमी बसा."