डिस्क निजली, सेवा उठला

कॉम्प्युटर गप झाला आणि झोळीतला सेवा भोकाड पसरून उठला. शिलाच्या डोक्यात तिडीक गेली. आत्ता कुठं लेकराचा डोळा लागला होता, अन् लग्नपत्रिकेत अजून नवरदेवाचं नावसुद्धा टाईप झालं नव्हतं. पत्रिका ज्यांची होती त्या मोहनसिंगमामांना ती घेऊन जीपनं हिंगोलीच्या प्रेसला जायचं होतं. शेजारच्या गोरेगावात नवं टायपिंगचं दुकान उघडलेलं. आज काम हुकलं की गिऱ्हाईक तिकडंच.

"काय केलंत ह्याला?" तिनं नवऱ्याला विचारलं.

योगेश खुशीत होता. "सेटिंग केली. तीन मिनटं काम न्हाई पडलं की हार्ड डिस्क आपोआप बंद. सकाळपासून लाईट न्हाई, इन्व्हर्टर किती टिकते बघ आता!"

"अन् लेकरू? ते डिस्कच्या घरघरीवर निजतंय ना!"

हे योगेशला ठाऊकच नव्हतं. असणार कसं? सेवाला निजवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. पोटात असल्यापासून पोरगं ती जुनी डिस्क ऐकत आलं होतं. अंगाई म्हटली की उलट टक्क जागं व्हायचं.

शिलानं झोका देत सेव्हचं बटण दाबलं. डिस्क घरघरली, सेवा निजला. चार ओळी झाल्या. डिस्क बंद, सेवा जागा. पुन्हा सेव्ह. दरवेळी आधी स्क्रीन अडकायची, मग डिस्क कण्हत उठायची, आणि इन्व्हर्टर टूं टूं करून रडायला लागायचा.

"अगं, ही उठबस करून जास्तच करंट खाऊन राहिली!"

"मंग काढा तुमची सेटिंग!"

"बॅटरी संपत आलीय. डिस्क चालू ठेवली तर पत्रिकेआधीच बसंल."

शिलानं दात आवळले. बोलायला पुष्कळ होतं, वेळ नव्हता. "मंग डिस्क राहू द्या बंद. तुमी वाजा."

"आँ?"

"झोळीखाली आडवे व्हा अन् घरघर करा."

योगेशनं आडवं होऊन तोंडानं घर्रर्र सुरू केलं. सेवानं मूठ तोंडात घातली, जरा ऐकलं आणि डोळे मिटले. पाठोपाठ योगेशनंही मिटले. घरघर मात्र थांबली नाही. आता ती नाकातून येत होती.

पत्रिका संपते तोच मोहनसिंगमामा दारातून गरजले, "झाली का न्हाई वं? जीपवाला हारन मारून राहिला!"

"हळू, मामा!"

"काहून? योगेश बिमार हाय का?"

"न्हाई. कामावर हायेत."

मामा पत्रिकेची फ्लॉपी खिशात घालून चवड्यांवर निघून गेले.

शिलानं पदर खोचला. आता कसली घाई नव्हती. डिस्कपासून सुरुवात करून थेट स्वतःच्या लग्नाच्या मांडवापर्यंत नवऱ्याला सगळं ऐकवायचं तिनं ठरवलं होतं. "अहो—"

योगेश कुशीवर वळला. घोरणं थांबलं. झोळीत दोन पाय हलले, इवला ओठ वाकडा झाला.

शिला मटकन खाली बसली आणि नवऱ्याची पाठ थोपटू लागली. "निजा, निजा," दातओठ खात ती पुटपुटली.