हुपरीहून आलेला कार्बोरेटर

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जोतिबाला स्कूटरवरूनच जायचं, असं वचन नृसिंह सरांनी सरोजिनीबाईंना दिलं होतं. लग्न झाल्यावर ज्या स्कूटरवरून गेले, तीच. वचनात अडचण एकच होती. ती स्कूटर अकरा वर्षं जिन्याखाली उभी होती.

सर नागरिकशास्त्राचे शिक्षक. त्यांनी पुस्तकात बघून इंजिनाला पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर काढला आणि घासायला घेतला. आधी पेट्रोलनं, मग चिंचेनं, मग दात घासायच्या ब्रशनं. ब्रश सरोजिनीबाईंचा होता, त्यामुळे दोन दिवस घरात शांतता लाभली. काळेपणा गेला, पण चमक येईना. समोरचा गुंडू रोज एसटीनं हुपरीला चांदीच्या पैंजणांना पॉलिश करायला जायचा. सरांनी कार्बोरेटर त्याच्या पिशवीत घातला आणि जरा हात फिरवून आण म्हणाले.

गुंडूनं हात फिरवला. नुसतं पॉलिश करून त्याचं समाधान होईना, म्हणून वर चांदीचा मुलामा चढवला आणि गुलाबी कागदात गुंडाळून आणला. नेमकं सरांच्या दाराला कुलूप. मग पुडकं शेजारी बाळासोंच्या आईकडे ठेवून तो घरी गेला.

बाळासो हे गल्लीच्या तरुण मंडळाचे बावन्न वर्षांचे अध्यक्ष. गुंडूनं मंडळाला चांदीचा चषक द्यावा म्हणून ते तीन वर्षं त्याच्या मागे लागले होते. पुडकं उघडताच त्यांचे डोळे पाणावले. संध्याकाळपर्यंत कार्बोरेटर सागवानी पाटावर पक्का बसला आणि खाली त्यांच्या आजोबांच्या नावाची पितळी पाटीही लागली.

सर धावतच गेले.

"बाळासो, अहो, हा माझा कार्बोरेटर आहे."

"असंल की. पर आता आज्ज्याचं नाव लागलंय. पाटी काढली तर म्हातारं दुसऱ्यांदा गेल्यागत व्हईल."

"परवा आम्हाला जोतिबाला जायचंय."

"मग उद्या स्पर्धा हाय न्हवं? जिका आणि न्या की सर. न्हाय कोण म्हणतंय?"

स्पर्धा संथ स्कूटर चालवण्याची होती. तिचे नियम दरवर्षी सरच सुवाच्य अक्षरात लिहून देत. पाय जमिनीला टेकला तो बाद. शेवटची रेघ सर्वांच्या मागून ओलांडेल तो विजयी.

शनिवारी सर कार्बोरेटर नसलेली स्कूटर ढकलत मैदानावर आले. सुरुवातीच्या रेघेवर ती स्टँडला लावली, वर बसले आणि पाय उचलून घेतले. शिट्टी झाली. सातजण निघाले. चौघांचे पाय टेकले, तिघे पलीकडे पोचले. सर होते तिथेच होते, हँडल मात्र घट्ट धरून.

पाऊण तास झाला. लोक शेंगा खाऊन कंटाळले.

"सर, गाडी चालू करा की आता," बाळासो म्हणाले.

"गाडी चालू पाहिजे असं कुठल्या नियमात आहे?"

बाळासोंनी कागद दोनदा वाचला. कुठेच नव्हतं. तेवढ्यात आमटी गार होते म्हणून बोलवायला सरोजिनीबाई आल्या. त्यांनी परिस्थिती पाहिली, पदर खोचला आणि नवऱ्यासकट स्कूटर स्टँडवरून उतरवून सरळ पलीकडच्या रेघेपार ढकलत नेली. ढकलायला बंदी असल्याचंही कागदावर नव्हतं.

चषक घेऊन सर घरी आले ते थेट स्क्रूड्रायव्हर शोधायलाच. एवढ्यात गुंडू अभिनंदनाला आला.

"कसं दिसतंय सर? एक नंबर न्हवं? आत बारकी बारकी भोकं हुती बगा, लई वंगाळ दिसायची. मी सगळी चांदीचा डाग देऊन बुजीवली. जादा काय घेत न्हाय त्येचं."

सरांनी स्क्रूड्रायव्हर सावकाश खाली ठेवला. त्याच भोकांतून इंजिनाला पेट्रोल जायचं. शोकेसमध्ये चषक मात्र झकास दिसत होता.

सरोजिनीबाईंनी चष्मा लावून तो न्याहाळला.

"एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या, "मैदान होतं म्हणून ढकललं. जोतिबाचा घाट मला जमणार नाही."

आणि सकाळची पहिली एसटी किती वाजता आहे, ते विचारायला गुंडूच्या मागोमाग बाहेर गेल्या.