भिंतीपलीकडची ऊब

पृथ्वी वाचवणे हे सामुदायिक कर्तव्य असून त्याचे बिल मात्र वैयक्तिक येते. पेर्निक या थंड शहरातल्या आमच्या आठ मजली इमारतीने हे तत्त्व सगळ्यांच्या आधी ओळखलं, याचा मला रास्त अभिमान आहे.

पूर्वी आम्ही मागासलेले होतो. शहराच्या बॉयलरचं गरम पाणी घरोघरच्या रेडिएटरमधून फिरून खोल्या तापवी आणि ते थांबवायची सोय नव्हती. त्यामुळे भर जानेवारीत आम्ही खिडक्या सताड उघडून बनियनवर बसायचो. (खिडकीतल्या कबुतरांचं त्या काळाबद्दल फार चांगलं मत होतं.) मग सरकारी योजना आली. बाहेरच्या भिंतींना थर्माकोलचं जाड अस्तर लागलं, नव्या खिडक्या बसल्या आणि प्रत्येक रेडिएटरला चावी आणि मीटर आला. इमारतीचं कर्ब उत्सर्जन निम्म्यावर येईल, असा सरकारचा अंदाज होता. सरकारने आम्हाला कमी लेखलं.

पहिल्याच थंडीत शोध लागला की अस्तर फक्त बाहेरच्या भिंतींना आहे, मधल्या भिंतींना नाही. म्हणजे आपली चावी बंद ठेवली तरी शेजाऱ्याची ऊब येतेच. तज्ज्ञ याला उष्णतेचे वहन म्हणतात, आम्ही शेजारधर्म म्हणतो. एकेक चावी बंद होत गेली. भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेले गालिचे उतरले (ऊब अडवतात). चौथ्या मजल्यावरच्या झिवकाबाई मांजर जिथे झोपेल तिथे आपला पलंग सरकवू लागल्या.

अखेर उघडी चावी एकाच घरात उरली. तिसऱ्या मजल्यावर, इमारतीच्या अगदी मधोमध राहणाऱ्या रायनाआजींच्या घरात. वय सत्त्याऐंशी, गुडघ्यांत वात. पेन्शनीतला मोठा हिस्सा रेडिएटर खायचा, पण त्यांची तक्रार नव्हती.

तक्रार आमची होती. जिन्याखाली सर्वसाधारण सभा भरली. व्यवस्थापक मोमचिल गंभीरपणे म्हणाले, "आजी, रागावू नका, पण अख्ख्या इमारतीचा आकडा तुम्ही बिघडवताय. बाकी सगळे शून्यावर आहेत."

"अरे मोमचिल, माझे गुडघे शून्यावर चालत नाहीत रे."

"मग आणखी एक स्वेटर चढवा! प्रश्न पृथ्वीचा आहे."

सदर रहिवाशास ताकीद द्यावी व तिचे नाव लिफ्टशेजारी लाल अक्षरांत लावावे, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. (अनुमोदन माझं. कुणीतरी द्यावंच लागतं.) आजींनी चष्मा पुसून आपलं नाव दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले होते. घरी जाऊन त्यांनी चावी बंद केली.

आठवडा संपायच्या आत अख्खी इमारत गारठली आणि आजींवरचं आमचं प्रेम उफाळून आलं. कुणी राजम्याचं सूप नेलं, कुणी चीज भरलेली गरमागरम बानित्सा. झिवकाबाई तर मांजर घेऊनच गेल्या.

"अहो आजी, या वयात थंडी बाधेल की! उघडा ना जरा चावी. आमच्यासाठी नाही हो, तुमच्यासाठी."

"एवढी माया होती होय गं तुमची?" आजी म्हणाल्या. "पण काय करू, मी आता सुधारले."

आणि त्या बहिणीच्या खेड्यात राहायला गेल्या. तिथे लाकडाची शेगडी आहे आणि बहीण ठराव न करता लाकडं घालते.

लगेच तपासणी समिती आली. आमचा आकडा पूर्ण शून्य भरला. आदर्श इमारतीची पाटी स्वीकारताना मोमचिल यांचा आवाज थरथरत होता, तो समितीला भावनावेग वाटला. समितीने ओव्हरकोट काढले नाहीत.

चाव्या अजून बंदच आहेत. शेजारचा उघडेल, असा प्रत्येकाचा प्रत्येकावर पूर्ण विश्वास आहे.

तुमच्याकडे एवढी थंडी नसते, तेव्हा तुम्ही खुशाल हसा. फक्त ज्या माणसाच्या जिवावर तुमचं घर उबदार आहे, त्याच्याच खर्चावर तुम्ही शेवटचं कधी बोट ठेवलंत, तेवढं आठवून बघा. असं कुणी आठवतच नसेल, तर तिसऱ्या मजल्यावर एक घर रिकामं आहे. तुम्ही आमच्यात शोभाल.