दवाखान्याच्या वहीतील मुतखड्यांची हकीकत

श्रीकुलदेवतेचे पायी मस्तक ठेवून, घडले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र मासापासून वर्तमान.

एका राज्यात राजांनी रयतेसाठी थोरला दवाखाना बांधिला होता आणि त्याचा नेम असा की, आल्या माणसास परतवून लावू नये, आणि उघडी जखम आधी, मिटलेले दुखणे मागून. नेम चांगला होता. मग समुद्रापलीकडील मुलुखात देह सुंदर करून देणारे वैद्य प्रसिद्धीस आले. नाक सरळ करावे, पोट आत घ्यावे, तीन दिवस किनाऱ्यावर फिरवावे आणि चौथ्या दिवशी विमानात बसवावे, ऐसा त्यांचा परिपाठ. लोक हौसेने गेले आणि टाके पिकवून, ताप घेऊन परतले, आणि पलीकडचे वैद्य फोन उचलीनात, मग सगळे राजांच्या दवाखान्यात येऊन पडले. परंतु लाज मोठी. जो तो म्हणे, "फिरायला गेलो आणि मुतखडा उठला, तो तिकडेच काढिला." कारकून वहीत मुतखडा लिहीत गेला.

त्या राज्यात रायाजी दुधाणे म्हणून भिंती रंगविणारे गृहस्थ होते. त्यांची बायको सगुणाबाई चोळ्या शिवीत. त्यांच्या पोटात गाठ धरली. वैद्य त्रिंबकराव म्हणाले, "वेळेत काढिली तर बाई वाचतील." चैत्रातला दिवस दिला तो ज्येष्ठावर गेला आणि ज्येष्ठातला श्रावणावर गेला. रायाजींस घरी बसवेना. दर मंगळवारी दवाखान्याचे दारी उभे राहावे आणि कारकुनाने म्हणावे, "पुन्हा आलात? खाटा मुतखड्यांनी भरल्यात. तुमच्या बाईंना काय माझ्या डोक्यावर निजवू?" रायाजी म्हणत, "अहो, एवढे खडे आपल्या डोंगरात नाहीत."

श्रावणात सगुणाबाई उपाशीपोटी आत गेल्या आणि शस्त्रक्रियेच्या दारात त्यांची खाट लागली. इतक्यात गोजराबाई नामे सरदारांची सून तापाने फणफणत आणिली. सासू चादर उचलू देईना. म्हणे, "तिकडे मुतखडा काढला हो, एखादा राहिला असेल." दोन दिवस न निजलेले त्रिंबकराव म्हणाले, "मग थांबा. आधी सगुणाबाई." तो गोजराबाई कुशीवर वळल्या आणि चादर सरकली आणि सगुणाबाईंनी पाहिले. म्हणाल्या, "अगं पोरी, मुतखड्याला या कमरेपासून त्या कमरेपर्यंत कोण कापतं? हे आत घेऊन शिवलंय, आणि घाईनं. टाका ओढलाय बघ. खरं सांग, नाहीतर मरशील." गोजराबाईंनी रडत मान डोलाविली. वैद्यांनी टाका उसविला तो आत पू. उघडी जखम ठरली, मग नेमाप्रमाणे तीच आधी आत गेली आणि दिवस त्यातच सरला.

रायाजी धावत आले. म्हणाले, "गप्प का नाही बसलीस?"

"उसवलेलं दिसलं की राहवत नाही, काय करू? तुम्ही बसा बरं आधी. येरझाऱ्या घालून डोकं उठवलंत माझं."

मग दिवस आश्विनावर गेला. आश्विनात पोट उघडिले तो गाठ पसरली होती, वैद्यांनी तैसेच मिटविले. कार्तिकात सगुणाबाई वारल्या.

रायाजी दरबारी गेले आणि सर्व हकीकत सांगितली. प्रधानजींनी वही आणविली, पाने उलटली आणि बोलिले, "देह सुंदर करवून आलेला एकही इसम यात नाही. मुतखडे मात्र फार. पाणी जड झाले असावे." आणि राज्यातील विहिरी उपसण्याचा हुकूम सुटला.

पौषात गोजराबाई बऱ्या होऊन खण-नारळ घेऊन रायाजींच्या दारी आल्या. म्हणाल्या, "मावशींची ओटी भरायची होती."

रायाजी म्हणाले, "ओटी घ्यायला घरात कोणी उरलं नाही. द्यायचंच असेल तर एवढं द्या. दवाखान्यात चला आणि वहीतला तुमचा मुतखडा खोडून खरं काय ते लिहवा."

"चारचौघांत कळेल हो, काका."

मग खण-नारळ उंबऱ्यावर ठेवून त्या निघून गेल्या. रायाजी अद्याप दर मंगळवारी दवाखान्याचे दारी जातात आणि पुसतात, "आली का कोणी खरं लिहवायला?" कारकून आता थट्टा करीत नाही. वही फिरवून पान दाखवितो.

तात्पर्य, विहिरी निर्मळ जाहल्या आणि मुतखडे वहीत तैसेच राहिले. सगुणाबाईंनी एक शिवण ओळखिली, तिची नोंद कोठे नाही, म्हणून येथे केली.