त्रिनगरी वाहिनी रिकामी करण्याचा सराव

माणसांनी भरलेली इमारत चार मिनिटांत रिकामी करणे ही एक शिस्तबद्ध कला आहे आणि ती मला येते. हे मी गर्वाने नव्हे, अनुभवाने लिहितो. तंत्रनिकेतनातून यांत्रिकीची पदविका घेऊन मी अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात रुजू झालो आणि तेथूनच सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आमचा भोंगा वाजला की जेवणारा हातातला घास ताटात ठेवत असे, साहेब फोन लोंबकळत सोडत आणि सगळे फाटकाजवळ रांगेत उभे राहत. तेव्हा एखाद्या वृत्तवाहिनीचे कार्यालय रिकामे करणे म्हणजे माझ्या दृष्टीने चहाचा कप रिकामा करण्यासारखे होते.

प्रसंग असा. माझी नात राजसी मनुष्यबळ व्यवस्थापनाचे शिक्षण घेते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तिची इंटर्नशिप ‘त्रिनगरी न्यूज’ या वाहिनीत लागली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशा तीन शहरांच्या बातम्या देणारी ही वाहिनी उल्हासनगरात एका फर्निचरच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आहे. तेथील एचआर प्रमुख माधवी मॅडम यांनी राजसीला एकच काम दिले होते: सर्व कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून अग्निसुरक्षेचे प्रशिक्षण द्यायचे. हजेरी पूर्ण नसेल तर प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्र नसेल तर तिचे वर्ष अडकणार.

राजसीने वारंवार सत्रे ठेवली. पहिल्या सत्राला चहा देणाऱ्या वेणूबाई तेवढ्या आल्या, त्याही कप गोळा करायला. दुसऱ्या सत्राला एक जण हजर होता, परंतु तो रात्रपाळी करून त्याच खोलीत झोपलेला होता.

“आबा, ते लोक एका जागी येतच नाहीत,” राजसी जेवताना म्हणाली. तिने भाताला हातही लावला नव्हता. “कुणी शूटवर, कुणी एडिटिंगला. तो जितेश रिपोर्टर आजारी म्हणून सुट्टीवर आहे आणि स्टेटसला जांभूळ गावच्या क्रिकेट मॅचचे फोटो टाकतोय.”

“भोंगा वाजवून पाहिलास का?”

“काय?”

“माणूस सूचनेला येत नाही. भोंग्याला येतो.”

माझी पत्नी वृंदा आमटी वाढता वाढता थांबली. “अहो, ऑफिस आहे ते तिचं. तुमची रिअ‍ॅक्टरची शेड नाही.”

मी तिकडे दुर्लक्ष करून योजना मांडली. पूर्वसूचना न देता आग लागल्याचा सराव घ्यायचा. भोंगा वाजताच सर्व कर्मचारी खाली उतरून दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत जमतील. जमले की राजसीने तेथेच प्रशिक्षण द्यावे. माधवी मॅडमना ही योजना पसंत पडली.

“संपादकांना सांगायचं ना? उन्मेष सरांना?” राजसीने विचारले.

“मुळीच नाही. संपादक हाही कर्मचारीच. त्याला आधी कळले तर तो सराव राहत नाही, नाटक होते.”

वाचकांनी हा निर्णय कृपया ध्यानात ठेवावा. मला तो विसरायचा आहे.

बाकी सर्व मी रीतसर केले. अग्निशमन केंद्राला लेखी कळवले. खालच्या दुकानाचे मालक टेकचंद शेठ यांना समक्ष भेटलो. ते म्हणाले, “साईं, सराव करो, सत्संग करो, मेरे को क्या. बस ग्राहक को मत भगाना.” आता राहिला धूर. धुराशिवाय सराव म्हणजे मिठाशिवाय वरण. म्हणून मी वृंदाचे पितळी धुपाटणे, नारळाच्या शेंड्या आणि ऊद घेतला आणि हे सर्व वाळूच्या बादलीत ठेवून तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात पेटवले. जुन्या कारखान्यातून मागून आणलेला, हाताने फिरवायचा भोंगा मी दम लागेपर्यंत फिरवला आणि नियमाप्रमाणे सर्वांच्या आधी खाली जाऊन मोजणीसाठी उभा राहिलो.

कोणीही आले नाही.

थोड्या वेळाने एक माणूस धावत आला, परंतु तो बाहेरून. हा कॅमेरामन हिरामण. दाल-पकवान अर्धे टाकून आलेला, बोटे अजून माखलेली.

“थांबा,” मी म्हणालो. “वर जाऊ नका. येथेच रांगेत उभे राहा.”

“काका, सरका हो. धूर निघून गेला तर फुटेज काय घरच्या देवघराचं दाखवू?” आणि तो एका वेळी तीन पायऱ्या चढत दिसेनासा झाला.

वरून त्याने सर्वांना फोन केले असावेत, कारण त्याच्यामागे मोटारसायकली येऊ लागल्या. पालेगावच्या शूटवरचे दोघे आले. आजारी जितेश आला, गुडघ्याला पॅड बांधलेला. एक गृहस्थ तर दिवाळीतच नोकरी सोडून गेलेले होते. मी त्यांना अडवले तेव्हा ते म्हणाले, “राजीनामा ऑफिसला दिलाय, बातमीला नाही.” तेही वर गेले. कारखान्यात मी आयुष्यभर माणसे आगीपासून दूर पळताना पाहिली होती. आगीच्या दिशेने धावणारा कर्मचारीवर्ग माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

राजसीचा फोन आला. “आबा, खाली कुणी येतच नाहीये. उन्मेष सरांनी लाइव्ह सुरू केलंय.”

मागून संपादकांचा आवाज स्पष्ट येत होता. “ब्रेकिंग चालवा. आग आपल्या ऑफिसला आणि बातमी दुसऱ्याची, असं झालं तर तोंड दाखवायला जागा नाही.”

“सर, हा सराव आहे,” राजसी म्हणाली.

“व्हेरी गुड. हेच कॅमेऱ्यात बघून बोल.”

टेकचंद शेठ यांच्या दुकानात एका शोभेच्या कपाटात मोठा टीव्ही चालू होता. त्यावर लाल पट्टी झळकली: ‘आग नव्हे सराव, व्यवस्थापनाचा अजब दावा’. पाठोपाठ दुसरी आली: ‘अग्निशमन दलालाही आधीच कल्पना?’ शेठ एकदा टीव्हीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहू लागले.

“शेठ, मी तुम्हाला सांगितले होते. सराव आहे.”

“हां साईं, आपने बोला था,” ते म्हणाले. “पर टीवी पे तो आग है.” आणि त्यांनी नोकरांना हाक मारली. “ए चंदर, पहले सोफा निकाल. महँगावाला.”

पाहता पाहता माझी मोकळी जागा सोफे, दिवाण आणि ड्रेसिंग टेबलांनी भरून गेली. मला उभे राहायला जागा उरली नाही, म्हणून मी एका सोफ्यावर बसलो. तेवढ्यात जितेश माइक घेऊन खाली आला. त्याला वाचलेली माणसे शोधायला पाठवले होते.

“प्रेक्षकहो, या आगीतून सुखरूप बाहेर पडलेले हे एकमेव आजोबा. आजोबा, काय वाटतंय आता?”

“मला काहीही वाटत नाही. हा पूर्वनियोजित सराव असून सर्वांनी जिन्याच्या डाव्या बाजूने, न धावता...”

“आजोबा अजून सावरलेले नाहीत,” जितेश कॅमेऱ्याला हळुवारपणे म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

खिशात फोन वाजला. वृंदा होती. “अहो, टीव्हीवर सोफ्यात बसलायत तुम्ही.”

“वृंदा, घाबरू नकोस. आग नाही.”

“माहितीये मला. मघाशी माझं धुपाटणं दाखवलं. त्याभोवती लाल गोल काढून आगीचं मूळ म्हणाले. पोचा पडू देऊ नका, सासूबाईंचं आहे.” मग तिचा आवाज उतरला. “ते राहू द्या. पोरीकडे बघा जरा. रडायला आलीय ती.”

मी कपाटातल्या टीव्हीकडे पाहिले. उन्मेष सरांनी राजसीपुढे माइक धरला होता. “प्रेक्षकांना उत्तर हवंय. एचआर नक्की काय लपवतंय?” राजसीची हनुवटी थरथरत होती. ती लहानपणी सायकलवरून पडली की रडण्याआधी अशीच थरथरे. तिचे वर्ष माझ्या भोंग्यामुळे बुडत होते आणि मी तीन मजले खाली एका महागड्या सोफ्यात रुतलो होतो. उठायचा प्रयत्न केला, परंतु तो गाद्यांचा सोफा मला सोडेना.

राजसीने सभोवार पाहिले. मग एकेकाकडे बोट करत ओठांतल्या ओठांत मोजू लागली.

“सर, सगळे आलेत?” तिने विचारले.

“सगळे म्हणजे? सुट्टीवरचे पण आलेत.” उन्मेष सर गोंधळले. “फक्त जितेश खाली आहे.”

“त्यालाही बोलवा.”

वर काहीतरी घडते आहे हे कळताच जितेशने मला अर्ध्या वाक्यात सोडले आणि तो पॅडसकट जिन्याकडे धावला.

राजसी खोलीच्या दारात उभी राहिली. “लाइव्ह बंद करू नका,” ती म्हणाली. तिने भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे बोट केले. त्यावर निवेदकाचा कोट टांगलेला होता. “हे काय आहे, कुणी सांगेल?”

“कोट अडकवायचं,” निवेदक प्रामाणिकपणे म्हणाला.

“हे अग्निशामक आहे. आता मी शिकवते. जो उठेल तो लाइव्हमधून उठून जाताना दिसेल.”

कोणीही उठले नाही. तिने पिन कशी ओढायची, नळी कुठे रोखायची, धुरात खाली वाकून कसे चालायचे हे सारे शिकवले. हिरामणने तिचे क्लोजअप घेतले. बदलापूरच्या गृहिणी फोन करून सिलिंडरबद्दल प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा उन्मेष सरांनी लाल पट्टी बदलून घेतली: ‘आगीपासून कसे वाचाल, पाहा फक्त त्रिनगरीवर’. शेठ यांचा चंदरही दिवाण खाली ठेवून टीव्हीसमोर बसला. मी सोफ्यात बसून, खोटे कशाला सांगू, चष्मा पुसत होतो.

माधवी मॅडमनी त्याच दुपारी अहवालावर सही केली. संध्याकाळी राजसीने तो माझ्यापुढे ठेवला, कारण आमच्या घरात कोणताही तांत्रिक कागद माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही. मी चष्मा लावून वाचला. उपस्थिती: शंभर टक्के, शिवाय एक राजीनामा दिलेले. प्रशिक्षण: पूर्ण. इमारतीतून सुखरूप बाहेर पडलेल्या व्यक्ती: एक.

“राजसी, ही नोंद योग्य नाही. मी तुमचा कर्मचारी नाही.”

“म्हणून तर पुढे ‘पाहुणे’ लिहिलंय, आबा.”

मी नोंद पुन्हा तपासली. तांत्रिकदृष्ट्या तिच्यात एकही चूक नव्हती.