बिनकडीचं न्हाणीघर

आमच्या शेजारचे किसन गुरुजी सध्या गळ्यात उपरण्याऐवजी पाण्याने भरलेली लेव्हलची नळी घालून चौसाळा गावात फिरतात. कुणाकडे चहाला गेले, की आधी मोरीला नळी लावतात. "उतार चुकलाय बे तुझा," हे ऐकवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

जन्मभर गणित शिकवलेला हा माणूस बायको, म्हणजे आमच्या काकू, न्हाणीघरात पडल्यापासून गवंडी झाला. खुब्याचं हाड मोडून काकू बीडला लेकीकडे गेल्या आणि इकडे गुरुजींनी फरशी उखडली. "मिस्त्री काहून लावू? त्याला काटकोन म्याच शिकवलाय!" हे मात्र खरं. लतीफ मिस्त्री त्यांचाच विद्यार्थी. तो रोज दारात उभा राहून गुरूचा काटकोन बघायचा आणि मुकाट्याने घरी जायचा.

माझ्या बायकोची उंची काकूंएवढी, म्हणून गुरुजी तिला येता-जाता स्टुलावर बसवून उठवायचे. "सूनबाई, हात कुठं जातोय ते बघू द्या." जिथे हात गेला, तिथे भिंतीला धरायची दांडी बसली.

शेवटी पहिली बादली ओतली. पाणी मोरीकडे पाठ फिरवून थेट स्वयंपाकघरात शिरलं.

"गुरुजी, पाणी उलटं येऊ लालंय," लतीफ म्हणाला.

"पाणी बरोबर हाय. मोरी चुकलीय," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी सगळी फरशी पुन्हा उखडली.

दुसऱ्या खेपेला उतार जमला, पण दाराला आतून कडीच नाही! आम्ही पोट धरून हसलो. लतीफ बिचारा दुकानातून कडी घेऊन आला, तर गुरुजी खेकसले, "हात लावू नको त्या दाराला!"

मग कट्ट्यावर बसून हळू आवाजात म्हणाले, "त्या दिशी ती आत पडलेली, अन् कडी आतून. म्या भाईर धडका देऊ लालतो. अन् तीच मला म्हणती, घाबरू नका. लई येळ दार तुटंना, लेका."

मला हसल्याची लाज वाटली.

गेल्या आठवड्यात काकू परत आल्या. दांड्या बघितल्या, उतार बघितला आणि म्हणाल्या, "अन् कडी कुठाय? बाईमाणसानं आंघोळ करायची कशी?"

गुरुजींनी खुर्ची ओढली आणि दाराला पाठ लावून बसले. "म्या हाय की. कर आंघोळ."

आता रोज सकाळी ते तिथेच असतात. आतला तांब्याचा आवाज जरा थांबला, की विचारतात, "हायेस न्हवं?"

"हाय," काकू म्हणतात, आणि पुन्हा पाणी पडायला लागतं.