गायकवाड काकांचा शब्दसंग्रह

आमच्या गायकवाड काकांना स्पॅनिशमध्ये ग्लासभर पाणी मागता येत नाही. पण चोरट्या प्रियकराला कुठल्या देशात काय म्हणतात, हे झोपेतून उठवून विचारा. काकांनी नागपुरात पस्तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलं. काकू गेल्यावर मुलाने, नीलेशने, त्यांना अमेरिकेत, पार्सिपनीला आणलं आणि इथे त्यांच्या विद्वत्तेला अखेर योग्य विषय सापडला.

गवत कापणारा असो की पोस्टमन, कोणी स्पॅनिश बोलताना दिसलं की काका आडवे जात, "युअर कंट्री, सीक्रेट लव्हर, व्हॉट वर्ड?" लोक रागवायचं सोडून मशीन बंद करून सविस्तर सांगत.

मग काका मला, त्यांच्या शेजाऱ्याला, जिन्यात गाठत. "नोंद घे! मेक्सिकोत सांचो. चिलीत पातास नेग्रास, म्हणजे काळे पाय. अर्जेंटिनात पाता दे लाना, लोकरीचा पाय! काहून? पावलं वाजू नये म्हणून. आणि आपल्याकडे? लफडं! नपुंसकलिंगी!"

इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणात, त्यांनी 'कुएर्नोस' समजावला. बायकोने फसवलं की तिकडे नवऱ्याला शिंगं फुटतात म्हणे. मग चष्मा सारखा करून त्यांनी जमलेल्या नवऱ्यांच्या डोक्यांकडे एकेक करून पाहिलं. दोन जोडपी गुलाबजाम न खाताच घरी गेली. योगायोग असेल.

आमचं मंडळ अतिशय पुढारलेलं, त्यामुळे लगेच चौकशी सुरू झाली. घरात वॉशिंग मशीन असताना काका दर बुधवारी एकच शर्ट घेऊन पैसे टाकून कपडे धुवायच्या लाँड्रोमॅटला का जातात? वडिलांशी बोलायला नीलेशला वेळ नव्हता, म्हणून त्याने मला फोन केला. "यार, तू घरूनच काम करतोस ना? जरा बघून ये. काही भलतंच असेल तर नागपूरचं तिकीट काढतो."

गेलो. काका बाकावर बसले होते. शेजारी मार्ता नावाची कोलंबियाची आजी, तिच्या पिशवीत एकच टॉवेल. तिचं इंग्रजी काकांपेक्षा मोडकं. काकांनी खिशातून चिठ्ठी काढून एक शब्द वाचला. आजी इतकी हसली की डोळे पुसायला टॉवेल कामी आला.

मला पाहून काका दचकले, मग बाहेर आले.

"पहिल्यांदा सहज विचारलं होतं रे. तर ही हसली. तुझी काकू गेल्यापासून माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं. म्हणून दर बुधवारी नवीन शब्द आणतो." त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "आता संपत आले."

मी गाडीत बसून नीलेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या टीममध्ये एकजण पेरू देशाचा आहे. विचारतो त्याला."